घड्याळाच्या पट्ट्यातलं तिकीट

बाबा, काल तुमचा स्मृतिदिन होता आणि मी मेणबत्त्या आणायला विसरले. सकाळी आई म्हणाली होती, "भन्तेजी येणार आहेत, येताना मेणबत्त्या आणि पांढरी फुलं तेवढी आण." मी मनापासून हो म्हटलं होतं. पण खराडीच्या ऑफिसात मी दिवसभर फोनवर लोकांची बोलणी खाते. काल एकाने आईवरून शिवी दिली. मी म्हटलं, "सर, तुमची गैरसोय मी समजू शकते." आमचे कॉल ऑफिसातले साहेब लोक ऐकतात, त्यामुळे सुस्कारासुद्धा टाकायची सोय नाही. सुटल्यावर डोकं पार रिकामं झालेलं. बिबवेवाडीत फुलांच्या गाडीसमोरून आले, तरी काही आठवलं नाही.

दारात आईने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि मला तुम्ही दिसलात. खाकी कपड्यात, दिवसभर बसमध्ये तिकिटं फाडून आलेले. काही आणायचं असलं की तुम्ही घड्याळाच्या पट्ट्यात एक कोरं तिकीट खोचायचा. माझी रंगपेटी आणायची होती त्या दिवशीही खोचलं होतं. "अहो, तिकीट आहे की पट्ट्यात, दिसत नाही?" आई विचारते. तुम्ही मनगटाकडे बघत राहता. मग म्हणता, "सुट्ट्या पैशांवरून एकाने कॉलर धरली. हात आवरला. पुढे काही सुचलंच नाही." कॉलरचा आणि रंगपेटीचा काय संबंध, असं मला वाटलं होतं. बाबांना माझी पर्वाच नाही, असंही वाटलं होतं.

आईने लाइट गेल्यावर लावायचं मेणबत्तीचं थोटूक शोधून तुमच्या फोटोपुढे लावलं. वंदना झाली, भन्तेजी गेले. मग ती म्हणाली, "बापाची माया असती तर विसरली नसतीस." तिला काय सांगू? शिवी तिच्यावरूनच होती. तेही गिळलं, बाबा. फार लागलं मला ते.

आज सकाळी तुमचं घड्याळ घातलं. सैल होतं मला. पट्ट्यात बसचं तिकीट खोचलं, येताना तिच्यासाठी चांगल्या मेणबत्त्या आणायच्या म्हणून. आत्ता हे लिहिताना बाही वर केली, तर तिकीट तिथेच आहे. आई आत भात लावते आहे. मी बाही खाली ओढून घेतली आहे.