पाच मिनिटं नक्की कोणाची?

तायपिंग, मलेशिया,
रविवार

ती. अक्कास,
धाकट्या गुणशीलनचा नमस्कार. भावोजींनाही सांग, आणि त्यांच्या गुडघ्याला वेगळा सांग, कारण गेल्या दिवाळीत सगळा वेळ आपण त्याच्याचबद्दल बोलत होतो. तुझी तब्येत बरी असेलच. परवा फोनवर ज्या आवाजात मला झापलंस, त्यावरून काळजीचं कारण दिसत नाही.

मी मात्र बदली होता होता वाचलो. झालं असं, माझ्या वर्गातला मलय ऐदिल बॅडमिंटनमध्ये हरला आणि आपल्यासारख्याच तमिळ कविनेशला सगळ्यांदेखत म्हणाला, "जा ना तुझ्या देशात परत!" कविनेश म्हणाला, "कुठं जाऊ? मला इथल्या इथं इपोच्या बसमध्येसुद्धा उलटी होते." वर्ग हसला, कविनेशही हसला, पण मग शाळा सुटेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. आमच्या हेडबाई रोहाना यांनी मला बोलावून सांगितलं, की इतिहास तुम्ही शिकवता, तेव्हा वर्गात या विषयावर मोकळी चर्चा घ्या. मात्र, त्या म्हणाल्या, एका जरी पालकाची तक्रार आली तर मला वर कळवावं लागेल, आणि समुद्रापलीकडे सारावाकमध्ये नदीकाठच्या शाळेत एक जागा रिकामी आहे. (तिथं होडीनं जातात. मला पोहता येत नाही, हे तळ्यात ढकलणाऱ्या तुला मी काय सांगू.) तायपिंग सोडायला मी मुळीच तयार नव्हतो. का, ते पुढे येईल.

आता मोकळी चर्चा कशी घेतात, हे मला कुठं ठाऊक? (शिक्षकांच्या शिबिरात शिकवलं म्हणे, पण जेवणानंतर.) मी आपला एक नियम केला: ज्यानं त्यानं फक्त आपल्याच लोकांची खोड सांगायची. सुरुवात इतकी छान झाली की मला स्वतःचं कौतुक वाटू लागलं. चिनी शू मिन म्हणाली, तिची आजी आजाऱ्याला भेटायला जाते आणि दवाखान्यातल्या खाटेचा भाव विचारून येते. ऐदिल म्हणाला, "आमच्यात लग्नाला कुणी वेळेवर येत नाही. फोन केला की 'पाच मिनिटांत पोचतो', आणि माणूस अजून न्हाणीघरात!" झालं! कविनेश ताडकन उठला. "ए, ते आमचं आहे! माझा मामा स्वतःच्या साखरपुड्याला तसा आला." शू मिन किंचाळली, "वा रे वा, माझ्या बाबांना भेटलायस का कधी?" तीन समाज, एक न्हाणीघर, आणि मागे कुणीच हटेना. बाकं वाजायला लागली. शेवटी ऐदिल बुटांकडे बघत पुटपुटला, "परवाचं ते... हरलो म्हणून बोललो." कविनेश म्हणाला, "तू हरलास म्हणून मी देश सोडू होय रे?" पण मान वर करून म्हणाला, आणि मला बरं वाटलं.

तेवढ्यात शू मिनला जोर चढला. "सर, आमचं सगळं काढून घेतलंत. आता तुमचं सांगा. तुमच्या घरी चिनी सून चालेल?" मी छाती काढून म्हणालो, "न चालायला काय झालं? माझी अम्मा आरतीचं ताट घेऊन दारात उभी राहील!" वळून बघतो तर दारात हेडबाई, आणि शेजारी गणिताच्या चिनी मिस लाऊ.

तक्रार एकच आली. कविनेशचे वडील येऊन म्हणाले, मेहुण्याच्या साखरपुड्याची गोष्ट शाळेत नको. ती हेडबाईंनी धरली नाही.

बाकी सगळं ठीक. पोरांना पापा.

तुझा,
गुणा

ता. क. दिवाळीला माझ्याबरोबर मिस लाऊ येत आहे. आमचं जमून दोन वर्षं झाली, अक्का. तिनं आरतीच्या ताटाचं खरं धरलं आणि साडीही घेतली. अम्माला काहीच माहीत नाही. तेवढं तू सांग.

पुन्हा ता. क. तू म्हणशील, वर्गात घेतलीस तशी मोकळी चर्चा घरीही घे. अक्का, वर्गात चाळीसच मुलं होती, घरी अम्मा आहे. मला नाही धीर होत. आणि जरा घाई कर, कारण अम्माचा आशीर्वाद मी लाऊला कालच कळवून टाकला आहे.