आतलं चाक

३ डिसेंबर
कमल वहिनींनी टेम्पोतून टायगर धाडला. शेळीएवढा लोखंडी जर्मन रणगाडा, दत्तानं अन् मी घडवलेला नमुना. पौडच्या पेठेत, माझ्या लेथच्या दुकानापुढं उतरवला, तर शेजारचा किराणावाला म्हणतो, "शब्बीरभाई, कुनाशी लडाई?" हसू आलं नाही.
दत्ताला, वहिनींच्या नवऱ्याला, जाऊन वीस तारखेला वर्ष होईल. तो फिटर, मी लेथवाला. अकरा वर्षांचे रविवार ह्या धुडात घातले. वहिनींना शब्द दिला होता त्यानं, अंगणात एकदा चालवून दाखवीन म्हणून. वर्षश्राद्धाला तेवढं व्हावं, एवढंच त्यांचं मागणं.

५ डिसें.
ढकलून पाहिला. डावी बाजू फिरते, उजवी हटून बसलीय.
दर बाजूला आठ आस, एकेकावर तीन चाकं, कौलांसारखी एकमेकांवर चढवलेली. द. म्हणायचा, "सत्तावन टन चिखलात रुतू नये म्हनून केलं लेकाच्यांनी. अन् आतलं एक चाक बदलायचं तर भाईरची समदी काढा." रशियाच्या थंडीत चाकांमधला चिखल गोठायचा अन् गाडी जागची हलायची नाही. एवढं सांगून झालं की पुढचं ठरलेलं. "डोकं लई. पर चालवलं राक्षसांसाठी."
उजवी बाजू त्यानं आजारपणात बसवली. हात थरथरायचे. मी फाडकन बोललो होतो, "आस वाकडा बसवलास. आता तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई." त्यानं पाना पुसून पेटीत ठेवला.

८ डिसें.
बॅटरीचा उजेड मारून पाहिलं. चौथ्या आसावरचं आतलं चाक शेजारच्याला घासतंय. बाहेरचं वेल्ड केलेलं. आठवलं, वेल्ड मीच मारलं, द.च्या हट्टानं. "पुन्यांदा काढायचं न्हाई," म्हणाला होता.
त्या बाहेरच्या चाकावर रंग ओला असताना उमटलेला अंगठा आहे. द.चा. वेल्ड कापायला ग्राइंडर लावला की रंग जळणार.
वहिनी येऊन गेल्या. त्या अंगठ्यावर बोट फिरवत उभ्या होत्या. चहा मागवला, तसाच निवला.

११ डिसें.
फळीवर त्याच खेपेचं, मी लेथवर कातलेलं एक जास्तीचं चाक सापडलं. मापलं. अर्धं सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर, जाड. पुन्हा मापलं.
म्हणजे आस सरळ होता. चूक माझ्या लेथची. लेथची कसली, माझी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मरायला टेकलेल्या माणसाला काय बोललो मी! जेवण गेलं नाही.

१५ डिसें.
कासार आंबोलीला वहिनींच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगून टाकलं. वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं."
"काय?"
"घरी यून म्हनले, शब्बीरचं चाक जाड हाय. पर त्याला सांगू नगंस, लई मनाला लावून घील. माझं चुकलं म्हनला, तर माझं काय जातंय?"
तिथंच रडलो, पोरासारखा. वहिनींनी पाण्याचा तांब्या सरकवला. पाणी पिऊन मी विचारलं, कापू का? अंगठा जाईल.
"चालावा असं मीच म्हनले हुते," एवढं बोलून पुन्हा वाल सोलू लागल्या. मग, "आता मला नगा इचारू, भाई."

१९ डिसें.
उद्या वर्षश्राद्ध.
नवं चाक केलं. माप तीनदा घेतलं, बरोबर आहे. ग्राइंडरला नवी चकती लावली. बटणावर दोनदा बोट ठेवलं, दोनदा काढलं. तो असता तर शिवी घातली असती.
न चालणारा नेला तर त्याचा शब्द खाली पडतो. चालणारा नेला तर वहिनी बोट कशावर फिरवणार?
दुपारी शटर अर्धं ओढून मोठ्यानं म्हणालो, "दत्ता, चाक माझंच जाड होतं रे." मग त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला. 
सकाळी आठला टेम्पो येईल. चकती अजून लावलेलीच आहे.