डब्याचा पंखा

७ एप्रिल, मंगळ

नाही, तू सांगूच नकोस मला. "डब्याला पंखा लाव की, तापणार नाही." लावलाय. फिरतोय. तरी तापतोय. बोल आता. हे कधीतरी कुणीतरी वाचणार आणि पहिल्याच पानावर शहाणपणा करणार, म्हणून आधीच झापून ठेवते.

डबा म्हणजे छोटा कॉम्प्युटर. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिला प्लॅस्टिकची पेटी, पेटीवर काडेपेटीएवढा पंखा. शेडनेटच्या, म्हणजे रोपांवरच्या सावलीच्या जाळीच्या, कडेला पत्र्याच्या मोटारघरात बसवलाय. मिरचीच्या रोपांवर फवारा कधी सोडायचा, कधी थांबवायचा, हे तो ठरवतो. मी बसवला. घरात कुणी शाबासकी दिली नाही. मी मागितली नव्हती. (मागितली होती.)

आज परत भर दुपारी बंद. मी बारामतीत क्लासवर, नववीच्या पोरांना अलंकार शिकवतेय. आईचा फोन. "अगं, तुझा डबा मेला. फवारा थांबलाय. मी पाईप धरून हाय." तिचा उजवा खांदा धरलाय, हात डोक्याच्या वर जात नाही. तरी पाईप तिच्याच हातात.

आबांचा, म्हणजे वडिलांचा, शब्द: "डबा धड चालला तर जा पुण्याला. न्हाय चालला तर रोपांपाशी कोण?"
कोण म्हणजे मी. नाटकवाल्यांच्या गटात लिहायचं काम आहे, एकोणीसला हजर व्हायचंय. एकूण माझी सुटका एका काडेपेटीवर.

८ एप्रिल

संध्याकाळी इंदापूरची गाडी पकडून घरी, चप्पल न काढता मोटारघरात. पंखा भिंगरीसारखा फिरतोय. डबा बंद करून चालू केला. चालला. हात लावला, गार. दुपारी मढं, संध्याकाळी नवरदेव.

पंखा उलटा बसलाय का बघितलं. स्टिकरची बाजू आत, म्हणजे वारा आत. बरोबर आहे. जाळीत धूळ होती, ब्रशनं काढली. एक वायर पात्याला घासत होती, ती बांधली. आता काही उरलं नाही. म्हणजे उद्या चालेल. (असं रोज लिहिते.)

तात्या, आमचे चुलते, कुंपणावरून: "काय गं, डब्याला ताप आला व्हय? कपाळावर पट्टी ठेव वली."
ह्या माणसानं आयुष्यात एकच यंत्र दुरुस्त केलंय, रेडिओ, आणि तो अजून खरखरतो.

९ एप्रिल

चालला नाही.

क्लास सुटल्यावर दुकानात. पंखा ह्याच दुकानदाराकडून घेतलेला.
"मॅडम, हा पंखा ओरिजनल नाहीये."
"तुम्हीच दिलाय."
"मग मी तेच सांगतोय ना."
दुसरा घेतला. वर फुकटचा सल्ला, की पंख्याचा भार पाटीवर टाकू नका, वेगळा चार्जर द्या. मी म्हटलं, ते मागच्या वेळी सांगितलंत आणि मी केलंय. स्टार्टरशेजारच्या बोर्डवर मोबाईलचा चार्जर, त्यावर पंखा. तर म्हणे, मग बरोबर आहे. मी विचारलं, मग तापतो का? म्हणे, उन्हाळाय मॅडम.
ज्ञानपीठ द्या ह्याला.

१० एप्रिल, शुक्र

नवीन पंखा. भारी आवाज, वारा दुप्पट. दुपारी बंद.

इंटरनेटवर विचारलं. एक म्हणतो प्रोग्रॅम चुकलाय, दुसरा म्हणतो पेटी फेकून द्या. तिसऱ्यानं खोलीत एसी आहे का विचारलं. मोटारघरात पाल आहे, मुंगळे आहेत, आबांचे विळे, खुरपी आहेत. एसी नाही, भावा.

कडेचे तीन ट्रे गेले. मिरचीचं रोप मरताना काही बोलत नाही, नुसतं झोपतं. आई म्हणाली, "जाऊ दे, लावू परत." आबांनी मेलेले ट्रे मोटारघरामागं नेऊन उपडे केले, ठाप ठाप ठाप. त्या आवाजानं माझ्या कानठळ्या बसल्या.

माझी कादंबरी: एकही क्रियापद न वापरता चाळीस पानं झालीयत. केतनचा (गटातला, मला बोलावणारा) मेसेज: "गावाकडचं काहीतरी आण, मातीचा वास असलेलं." मातीचा वास! ये इकडं, युरियाचा देते.

१२ एप्रिल, रवि

चालला!! सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकदाही न मरता. काल उष्णता ओढून घ्यायला पाटीवर ॲल्युमिनियमचे दोन तुकडे चिकटवले होते. तेच. माझंच डोकं.

आबा दिवसभर इंदापूरच्या बाजाराला. त्यांना दाखवायला मिळालं नाही. रात्री जेवताना सांगितलं. "बरं," म्हणाले. बरं! माणूस चंद्रावरून आला तरी आबा म्हणणार, बरं, हातपाय धू.

१३ एप्रिल, सोम

मेला. दुपारीच. आईचा फोन आला तर मी तिच्यावरच ओरडले, "तू कशाला हात लावतेस त्याला?" म्हणाली, "न्हाय बाई, मी कशाला लावू, मला कळतंय का त्यातलं."
फोन ठेवताना कण्हली. मला ऐकू जाऊ नये म्हणून कण्हली, म्हणून ऐकू आलं.

डब्याला रविवार कळतो. एवढंच सिद्ध झालं.

१४ एप्रिल, मंगळ

जयंतीची सुट्टी. क्लास नाही. सकाळपासून मोटारघरात खताच्या पोत्यांमागं सावलीत बसले, वही घेऊन. पंखा चालू. डबा चालू. फवारा ठरल्यासारखा सुटतोय, थांबतोय. ऊन चढलं. सगळं झकास. मला पेंग.

आबा आले. मी पोत्यांमागं, त्यांना दिसले नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं. बोर्डपाशी गेले. पंख्याचं बटण बंद केलं. टक.
पंख्यावरून हात फिरवला. बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. आणि निघाले जेवायला.

"आबा!"
दचकले. "आगं, हितं हाईस व्हय?"
"पंखा का बंद केला?"
"दुपार झाली की."
"मग?"
"सकाळधरनं फिरतंय त्ये. जळंल की. आपली मोटार न्हाय का, तापली की इसावा देतो. बैलं सुद्धा बाराला सोडायची औताची. तीनाला परत लावतो मी चालू. रोज लावतो. आजपतूर इसरलो न्हाय."

रोज लावतो! अभिमानानं. पंखा जळू नये म्हणून पंखा बंद, पंखा बंद म्हणून डबा बंद, डबा बंद म्हणून रोपं आडवी. आणि रविवारी बाजारात, म्हणून रविवारी चालतो. दोन पंखे, एक आठवडा, तीन ट्रे, आणि मी अख्ख्या इंटरनेटला मूर्ख म्हटलेलं.

"आबा, पंखा गार करायलाच आहे. तो थांबला की डबा जळतो. उन्हातच लागतो."
"उन्हातच जनावर मरतं."
"जनावर नाहीये ते!"
"फिरतंय न्हवं?"

मग माझ्या तोंडून गेलं. "पंख्याला इसावा. आईला कधी दिला? तुमचा पंखा झोपला की तिच्या हातात पाईप. तिचा खांदा तापत नाही?"
आई दारात होती, भाकरी घेऊन. पहिल्यांदा तीच बोलली. "माझं काय मधीच. जेवा आधी."

१५ एप्रिल

आबा रुसलेत. पण बटण चालू होतं. आज डबा दिवसभर चालला. मात्र आई सांगत होती, दर थोड्या वेळानं मोटारघरात जाऊन पंख्याला हात लावून बघतात आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् करतात.

१६ एप्रिल

तडजोड. स्वतःचीच शरम वाटते. जुना पंखाही पेटीच्या दुसऱ्या बाजूला बसवला, त्याला वेगळं बटण. आबांना सांगितलं, पाळी लावा. साखर कारखान्यासारखी. हा झोपला की तो उठेल. पण एक कायम चालू पाहिजे.
चेहरा उजळला की माणसाचा! "असं आधी सांगायचं. आता कसं, रीतीला धरून झालं."
मराठीची एमए. पंख्यांच्या पाळ्या लावतेय.

१७ एप्रिल, शुक्र

क्लासवर असतानाच आईचा फोन.

आज अवस.

"आवसंला औत धरत न्हाईत," आबा म्हणाले म्हणे. दोन्ही पंखे बंद. सकाळपासून. सुट्टी.
आणि आई पाईप धरून. ह्यांच्या अवसेत आई बसत नाही. बैल बसतो, मोटार बसते, चार्जरवरचा पंखा बसतो. ह्या घरात विश्रांतीला पात्र व्हायचं असेल तर आधी लोखंडाचं व्हावं लागतं.

घरी पोचले तेव्हा आई पायरीवर. हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. ब्लाउजची बाही मला घालावी लागली.

आबांना म्हटलं, "मी परवा जाणार. डबा चालो न चालो."
"आन् रोपं?"
"तुमची आहेत."
"तुझा डबा हाय."
बरोबर बोलला हा माणूस, ह्याचाच राग येतो.

१८ एप्रिल, शनि

क्लास सोडला. सर म्हणाले, पुण्यात काय ठेवलंय? मी म्हटलं, तुम्ही नाही, हेच पुष्कळ.

मावशीला फोन केला, कोथरूडला. हाडांचा डॉक्टर तिच्या गल्लीतच बसतो. आईला विचारलं. वाटलं, म्हणेल "माझं काय मधीच". ती भाजी निवडत होती. म्हणाली, "किती दिस?" मी म्हटलं, खांदा उठेपर्यंत. एक जुडी सोडली. मग: "ह्यांना भाकरी येत न्हाईत."
"तात्या आहेत शेजारी."
"त्येंना पण येत न्हाईत," आणि हसली. किती दिवसांनी.

१९ एप्रिल, रवि

हे रिक्षात लिहितेय, स्टँडकडं जाताना. अक्षर आबांच्या शेतातल्या वाटेसारखं.

निघताना आई हिरवं लुगडं नेसून पिशवी घेऊन रिक्षात बसली. आबांना आधी वाटलं, मला सोडायला निघालीय. मग पिशवीकडं बघितलं. मग आईकडं.
"तू कुठं?"
आईनं माझ्याकडं बघितलं. मी बोलणार होते, तोंडात होतंच सगळं. पण तीच बोलली, त्यांच्याकडं न बघता, पदर नीट करत.
"मी तापलेय."

आबा मोटारघराच्या दारात, टॉवेल खांद्यावर. आत पंख्याची घरघर चालू. एकाची की दोघांची, कळलं नाही. मी म्हटलं, "पाईप खुंटीला टांगलाय, आबा. बटण तुमच्या हातात."
त्यांनी तोंड उघडलं.
मी रिक्षावाल्याला म्हटलं, "चल."