उशाखालचा विळा

आई, काल मी तुझ्या नातीच्या उशाखालचा विळा काढला आणि स्वयंपाकघरात भाजीच्या टोपलीत नेऊन टाकला. तू असतीस तर माझा हात धरला असतास. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड नसलं तर बाहेरचं लागतं, हे तूच शिकवलंस, आणि परवापर्यंत मीही तेच केलं. देवापुढं दिवा लावल्याशिवाय मी अजून चहा घेत नाही. तरी काढला.

माझ्या वेळचं आठवतं का तुला? आष्ट्याच्या घरातली मधली खोली, खिडकीला गोणपाट, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. हीच पोरगी तेव्हा माझ्या कुशीत बारा दिवसांची. दूध यायचं, माया येत नव्हती. तू डिंकाचे लाडू वळत बसायचीस आणि मी भिंतीकडं तोंड करून रडायची. बारशाला बायका जमल्या तेव्हा तू कानाशी येऊन म्हणालीस, "हस की जरा, लोकं बघत्यात. लक्ष्मी आली घरात आन् तोंड असं सुतकी!" मग त्यांच्याकडं वळून, "झोप न्हाई वो तिला, दुसरं काय न्हाई." मी हसले. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तू मीठमोहऱ्या उतरवल्यास, अंगारा लावलास. तरी माझं रडं थांबेना, तेव्हा उशाखालचा विळा काढून तिथं दादांचा उसाचा कोयता ठेवलास. बाधा मोठी, म्हणून लोखंडही मोठं. तुझी माया होती ती, कळतं मला. पण त्या कोयत्यावर डोकं ठेवून माझ्या मनात स्वतःबद्दल आणि या लेकराबद्दल काय काय यायचं, ते तू एकदाही विचारलं नाहीस. चार-पाच महिन्यांनी ते हळूहळू ओसरलं आणि श्रेय अंगाऱ्याला गेलं.

काल हिचा एकोणिसावा दिवस. इथं माधवनगरला मी भाकरी थापतेय, ही दाराशी येऊन उभी राहते आणि साध्या आवाजात विचारते, "आई, मी नसले तर बाळाला तूच सांभाळशील ना?" भाकरी तव्यावर करपली. मी आधी विळा काढला, मग साताऱ्याला विहीणबाईंना फोन लावला, हिला डॉक्टरकडं नेते म्हणून.

"आवं, सव्वा म्हैना न्हाई झाला आन् बाळंतीण उंबरा वलांडती व्हय? आमी न्हाई का चार बाळंतपणं काढली? तवा कुठं हुतं असलं फॅड?"

"तवाबी हुतं. बोलायची सोय नव्हती."

"लोकं इचारतील, त्यांना काय सांगू?"

"सांगा, इहीण डोक्यावर पडलीया."

एरवी मी बसची वाट बघत तासभर उभी राहीन; काल दारातच रिक्षा बोलावली. लेकीच्या कानाला रुमाल बांधला, बाळ पदराखाली घेतलं आणि भर दुपारी, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत, तिला घेऊन सांगलीला गेले. विटाळ झाला असेल तर देवाचं मी बघून घेईन. इतकी वर्षं त्याची सेवा केली आहे, तेवढं बोलायचा हक्क माझा आहे.

डॉक्टरीण बाई लेकीच्याच वयाची. म्हणाली, हा आजार आहे. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, आणि बरा होतो. यात बाळंतिणीचा दोष नाही, माया कमी आहे असंही नाही. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं लिहून दिली. हिला एकटीला सोडू नका, झोपू द्या, आणि बोलली तर मध्ये न बोलता ऐका, म्हणाली. आई, एवढंच हवं होतं गं मला. कुणीतरी मध्ये न बोलता ऐकायला.

मग तिनं विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं का?" लेक माझ्याकडं बघायला लागली. तिच्या जन्माच्या वेळची गोष्ट तिच्याच तोंडावर कशी सांगू? रस्ताभर ताठ असलेली मी तिथं वाकले. "माझ्या आईला झालं होतं," म्हणाले. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. लेकीनं माझा हात घट्ट धरला आणि "बिचारी आजी" म्हणाली.

तुला असं काही झालं होतं का, मला माहीत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.