पहिली दोरी डॉडच्या हातात

मी, एल्स्पेट कूल, वय चोपन्न, लग्न झालेलं नाही, धंदा माशांना धुरी देऊन विकणे, राहणार ऑखमिथी, हा कागद पूर्ण शुद्धीत लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते पोट. गुरुवारी डंडीच्या दवाखान्यात ते उघडणार आहेत. धड मिटलं तर हा कागद चुलीत जाईल. नाही मिटलं तर यात लिहिलंय तसंच व्हावं. याआधी वकिलाकडून एक मृत्युपत्र करून घेतलं होतं. त्यातलं मलाच काही कळलं नाही, तेव्हा ते रद्द.

बँकेत आहे ते सगळं जीवरक्षक होडीवाल्यांना. माझ्या बापाला त्यांनीच वादळातून घरी आणलं होतं.

चुलतभाऊ हेक्टर कूल याला बापाची आरामखुर्ची. तिचा मागचा पाय मोडका आहे. त्याला हे सांगू नये, बसू द्यावं. मी जिवंत असताना फीत घेऊन माझी धुरीची खोली मोजून गेला तो! म्हणे, पाहुण्यांना भाड्याने द्यायला झकास. जळक्या माशाच्या वासात कोण निजणार, त्याचा सासरा?

राहतं घर आणि मागची धुरीची खोली, पिंपांसकट, डॉड लाउनी याला. डॉडला "हवं का?" असं कुणी विचारू नये. विचारलं की संपलं. किल्ली हातात कोंबावी आणि निघून यावं. त्याच्या स्वभावाला आमच्याकडे स्विदर म्हणतात. म्हणजे एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि चहा गार. मासे शेपटीला शेपटी बांधून पिंपातल्या विस्तवावर टांगले, वर ओलं गोणपाट टाकलं, की हात मागे घ्यायचा. हा बाबा गोणपाट उचलून बघतो. "झालं वाटतं. नाही, थांब. झालं बहुतेक." तेवढ्यात वारा आत शिरतो, जाळ उठतो आणि हॅडॉक मासे विस्तवात. म्हणून अट एकच: गोणपाटाला हात लावायचा नाही. नाकाने ओळखायचं. नाक त्याला आहे, भरपूर आहे.

माझ्याशी लग्नाचंही त्याने तेच केलं. अंगठी घेऊन ठेवली आणि म्हणाला, "हवा निवळली की बघू." या किनाऱ्यावर हवा कधी निवळते? मग मीच विचारलं. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा कान खाजवत बसला. गावाने कंटाळून बोलणं सोडलं, मीही सोडलं. पण रोज सकाळी लाकडं फोडायला तोच येतो, आणि संध्याकाळी सूप पितो तेही माझ्याच टेबलावर.

आता दफनाचं. पाद्रीबुवांनी आटोपतं बोलावं, लोक थंडीत उभे असतात. नंतर व्हिस्की चांगली असावी. पेटी खाली सोडायच्या दोऱ्यांपैकी पहिली, डोक्याकडची, सगळ्यात जवळच्या माणसाची असते. कोण कुणाचं होतं ते अख्ख्या गावाला तिथे दिसतं. हेक्टर दुकानात सांगत सुटलाय, "रक्ताचा मीच. पहिली दोरी माझी." तर ती त्याला मिळू नये. त्याला पायाकडची द्यावी. पहिली दोरी

इथवर लिहिलं आणि डॉड लाकडं घेऊन आत आला.

"काय लिहितेस गं?"

"मृत्युपत्र. पहिली दोरी तुला देतेय. धरणार का? आत्ता सांग, नाहीतर हेक्टरचं नाव घालते."

मी किटली ठेवायला वळले. म्हटलं, याचा कान खाजवून होईतो चहा होईल.

"धरतो."

"काय म्हणालास?"

"धरतो म्हणालो ना! तुझं डोकं त्या हेक्टरच्या हातात? तो लोकांकडे बघत धाडकन सोडून देईल."

नवरा व्हायला याला हवा निवळायला हवी, आणि मला पुरायला मात्र एका पायावर तयार! तसं तोंडावर म्हटलंही. सहीसाठी येऊन बसलेली शेजारीण टीनी खुर्चीतून पडायची राहिली. "अगं बाई, डॉडने उत्तर दिलं! लिही, लिही, फिरायच्या आत लिही."

तो हसला नाही. लाकडं खाली ठेवली. "गुरुवारची पहिली बस, ना? मी येतोय. ते तुला बाहेर आणतील तोवर तिथेच बसणार."

मी त्याला ये म्हटलं नव्हतं.

तर, पहिली दोरी डॉड लाउनीची. हे कलम पक्कं, कुणी हलवू नये.

टीनी साक्षीदार आहे म्हणून तिला काही देता येत नाही. बरंच झालं. कपडे वाळत घालायच्या तारेचं भांडण अजून मिटलेलं नाही.

वरचं सगळं माझ्या हातचं, मला पटलेलं.

सही: एल्स्पेट कूल

साक्षीदार: क्रिस्टिना ऊर्फ टीनी ग्रूअर, शेजारीण. माझ्यासमोर सही केली. तार माझीच आहे.

ऑखमिथी, मंगळवार, १३ मार्च २००१