उजव्या पायाचं पान

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे काकांकडून कळलं आणि जिवात जीव आला. इकडे छापखान्यात मला कॉम्प्युटरवर पान मांडायचं पहिलं स्वतंत्र काम मिळालं, तेही नेमकं तुझ्याच दवाखान्याचं: गुडघ्याच्या पेशंटांना वाटायचं व्यायामाचं पत्रक! कच्ची प्रत सोबत पाठवते. बघ, बोटभर जागा वाया घालवलेली नाही. कोपऱ्यांत फुलं, कडेला वेल, पाच तऱ्हेचे फॉन्ट. कापड बेताने वापरायला तूच शिकवलंस ना?

आईमागे शिवणाचं मशीन चालवून तू मला वाढवलंस. तुझा पाय पुन्हा पॅडलवर पडलेला मला बघायचा आहे. व्यायाम चुकवू नकोस.

लोभ आहेच, थोडा वाढवलास तरी चालेल.
तुझी खारुताई

१९ फेब्रुवारी

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्रक उशाशी ठेवून रोज व्यायाम केला. डावा पाय असा दणकट झालाय की शर्यत जिंकेल. फक्त ऑपरेशन उजव्याचं होतं, एवढीच अडचण! ‘हा पाय उचला’ ही ओळ तू दोन चित्रांच्या बरोबर मधोमध कोंबलीस. वरच्यात दुखरा पाय, खालच्यात चांगला. मी खालचा धरला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी परवा कपाळावर हात मारून घेतला. गुडघा अजून ताठच आहे. हसते आहे खरी, पण मशीनवरची चादर दिसली की धीर सुटतो.

अगं, शिवणीला जास्तीच्या कापडाची माया सोडल्याशिवाय कपडा अंगात चढतो का? कागदालाही चारी बाजूंनी सोड. बटण आपल्या काजासमोर हवं, तशी ओळ आपल्या चित्राला लागून हवी, आणि पुढच्या चित्राआधी मोकळी जागा. एका शर्टाला पाच तऱ्हेची बटणं मी कधी लावली होती गं? पान भिंतीला लाव आणि लांब जाऊन बघ.

रागावलेली नाही. पण छापायची घाई करू नकोस, माझ्यासारख्या आणखी कितीतरी जणी आहेत.

तुझीच, एका पायाने पहिलवान
आत्या

२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. छपाई सुरू होणारच होती, मी धावत जाऊन थांबवली. मालक भडकले. मग तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी स्वतःच पान भिंतीला लावलं आणि दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, फुलांशिवाय काही दिसत नाही.

फुलं गेली, वेल गेली. फॉन्ट एकच, मथळे तेवढे ठळक. चित्रांची डावी कड एका रेषेत आणि प्रत्येकाची ओळ लगेच त्याच्याखाली. जागा रिकामी सोडताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू!

आत्या, तू कितीदा मला सावरून घेतलंस गं. आता मात्र उजवाच उचल.

आशीर्वाद असू दे,
खारुताई

३० मार्च

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

नवं पान चष्मा शोधायच्या आत समजलं. कुठून सुरू करायचं ते डोळ्यांना आपोआप कळतं. दवाखान्यात सगळ्यांना तेच देतात, आणि माझ्या भाचीने केलंय हे मी कुणी न विचारताच सांगत सुटते. पोरी, तुझे फार उपकार झाले.

सोबत तुझ्यासाठी कुर्ता पाठवते. डाव्या कुशीला शिवण थोडी वाकडी गेली आहे, ती उसवू नकोस. तिथे माझा उजवा पाय पहिल्यांदा पॅडलवर पडला.

भेटीची वाट बघणारी
आत्या