समुद्र डावीकडे आला तेव्हा

डोंबिवली, मंगळवार

प्रिय विश्राम यास बाळचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण त्यातली दोन अंगं गुडघ्यांनी रद्द केली आहेत.)

सकाळपासून कानात आपला चौथीचा वर्ग घुमतो आहे. खडप्याच्या शाळेत गुरुजी टेबलावर रूळ आपटून ठेका धरायचे. खिडकीकडची मुलं कवितेची पहिली ओळ म्हणायची, भिंतीकडची दुसरी, आणि मधे सगळा वर्ग श्वास घ्यायचा तेवढ्यात खाली कातळावर लाट फुटायची. मी खिडकीचा, तू भिंतीचा. तुझा दमा कसा आहे? वहिनींच्या हातापायाची सूज उतरली का? इकडे मी ठीक. ठीक म्हणजे, विचारणाऱ्याला वाईट वाटू नये इतपत.

पाचवीला वडिलांची कल्याणला बदली झाली आणि मी आलो तो आलोच. आता म्हातारपणी ध्यानात येतं की ती कविता माझ्याकडे एकाआड एक ओळीनेच आहे. पहिली ओळ म्हणतो, थांबतो, वाट बघतो, आणि शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होते. दुसरी तुझ्याकडे. फोनवर विचारलं असतं, पण रेंजसाठी तू गावामागचा सडा, तो कातळाचा माळ, चढतोस आणि वर पोचल्यावर तुझ्याकडे नुसता श्वासच उरतो. लिहून पाठवशील, तर तसं करू नकोस. मला ती भिंतीकडून ऐकायची आहे, आणि आपल्या दोघांचेही आवाज शाबूत आहेत तोवर.

म्हणून निघालो. मुलाला, मुकुलला, सांगितलं नाही. (तो आणि सूनबाई देवयानी घोडबंदर रोडला राहतात. मला वाचवायला यायचं तरी वाहतुकीत दोन तास अडकतात.) नात सान्वीची जुनी सॅक पाठीला लावली, छातीवर पट्टा आवळला. मागून बघणाऱ्याला वाटावं पोरगा ट्रेकला निघालाय, समोरून बघणाऱ्याला वाटावं रुग्णवाहिका बोलवावी. रत्नागिरीपर्यंत झोपेत गेलो. तिथून पुढे किनाऱ्याची एसटी, उजवीकडची खिडकी, आणि विश्राम, काय सांगू तुला! घाट उतरला की समुद्र, चढला की सुरूची झाडं, वळलं की काळे कडे आणि त्यांच्या पायाशी पांढरा फेस. रस्त्याने माझी सगळी हाडं एकेक करून मोजली, तरी मी मोठ्याने पहिल्या ओळी म्हणत होतो. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून मला आवळासुपारी दिली. (मला मळमळतंय असं त्यांना वाटलं.)

मग गाडी चहाला थांबली. चहा पिऊन येतो तर लाल गाडीच्या दाराशी ही गर्दी! आपली पिढी तुला ठाऊक आहे. गर्दी दिसली की हात आपोआप उचलला जातो. जागा माझीच होती, तिकीट खिशात होतं, तरीही मी पाठीवरची सॅक सोडली आणि खिडकीतून आत भिरकावून जागा धरली. ती धरली शेजारी उभ्या असलेल्या, उलट्या दिशेने निघालेल्या गाडीत. विजयी वीरासारखा जाऊन बसलो. थोड्या वेळाने समुद्र डावीकडे दिसू लागला. आपला किनारा इतका वेडावाकडा, की समुद्रानेही बाजू बदलली असेल असं मानून मी त्यावर दोन ओळी जुळवल्यासुद्धा.

कंडक्टर बाई आल्या. "आजोबा, हे तिकीट तिकडचं. तुम्ही उलटे चाललात."

"पण समुद्र..."

"समुद्र आहे तिथंच आहे हो!"

नेमका तेव्हाच मुकुलचा फोन वाजला आणि माझ्या हातातून त्यांच्या हातात गेला. "एकटेच आहेत," हे दोन शब्द मी ऐकले आणि समजलो, खेळ संपला. स्टँडवर नियंत्रकाच्या टेबलाशी मला विसरलेल्या सामानासारखं बसवून ठेवलं. मुकुलच्या तिथल्या एका मित्राने येऊन मला रेल्वेत घातलं. रेल्वेने मला बोगद्याबोगद्यांतून, समुद्राचा थेंबही न दाखवता, घरी आणलं. तिथे येऊन थांबलेल्या देवयानीने सॅक जप्त केली. "बाबा, आता तुमचा प्रवास गॅलरीपर्यंत." मी तिला समजावू लागलो, गुरुजी, खिडकी, भिंत. पहिली ओळ म्हणून दाखवली. ती म्हणाली, "मग पुढे?" मी म्हटलं, "पुढचं खडप्याला." ती भांडी आवरायला लागली. माझी सून मनाने चांगली आहे, पण कवितेच्या बाबतीत दगड.

तर असं झालं. तुझ्या फाट्यापासून किती जवळून परतलो ते मी नकाशात बघितलेलं नाही, बघणारही नाही.

तुझा,
बाळ

ता. क. खरं काम राहिलंच. तू आजारी पड. मुकुलला फोन करून सांग की अंथरुणाला खिळलोय, बाळला पाठवा. फार गंभीर काही नको, नाहीतर तो स्वतः गाडी काढून मला हायवेने नेईल. कंबर पुरे.

ता. क. २. बेल वाजली म्हणून उठलो. दारात देवयानी, ऑफिसच्या दिवशी, पायात बूट, पाठीवर सॅक. म्हणते, "पेन ठेवा बाबा, रिक्षा खाली थांबलीय. मुकुलशी मी भांडून आलेय. आणि खिडकी माझी, आधीच सांगते!"

तेव्हा आजारी पडू नकोस. पत्र टपालात टाकत नाही, हातीच देतो. हे तू वाचशील तेव्हा मी समोर बसलेला असेन. घसा साफ कर. पहिली ओळ मी म्हणतो.